टेकडीवरची माणसं मोजताना: पुण्याच्या हिवाळ्यात काउंटर बसवणाऱ्यांसाठी

टेकडीवर किंवा गडाच्या वाटेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची आपोआप मोजणी करणारं यंत्र, ज्याला सगळे नुसतं ‘काउंटर’ म्हणतात, ते पहिल्यांदा हातात आलं की माणूस आधी माहितीपत्रक उघडतो. हिवाळ्याबद्दल त्यात भरपूर मजकूर असतो. बर्फ साचून वाट वर येते आणि कमरेच्या उंचीवरचा सेन्सर गुडघ्याशी येतो. भिंगावर हिम चढतं. पडणारा बर्फच माणूस म्हणून मोजला जातो. जमीन गोठली की तिच्याखाली पुरलेली दाबपट्टी मुकी होते, आणि शून्याखाली बॅटरी मान टाकते. या क्षेत्रातल्या दोन माहितीतल्या कंपन्यांपैकी इको-काउंटर फ्रान्सची आणि ट्रॅफएक्स कॅनडाची. त्या मुलखात हिवाळ्याचा विचार बर्फापासूनच सुरू होणार. पुण्यात यातलं एकही संकट येत नाही, त्यामुळे नवखा माणूस ती पानं उलटून निर्धास्त होतो.

पुण्याच्या हिवाळ्याच्या खोड्या वेगळ्या आहेत आणि त्या कुठल्याच पत्रकात छापलेल्या नसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा अकरा-बारा अंशांपर्यंत उतरतो, कधी दहाच्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी तिशीच्या आसपास असतो. म्हणजे एकाच यंत्राला चोवीस तासांत दोन वेगळ्या हवामानांत काम करावं लागतं. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा एकाच मापाने दुरुस्त करता येत नाहीत. पुढे जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी काय मोजायचं ते ठरवा

‘किती लोक येतात?’ या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. सेन्सरसमोरून किती वेळा कुणी गेलं, ही झाली ये-जा. किती वेळा कुणी टेकडीवर आलं, या झाल्या भेटी. आणि वेगवेगळी माणसं किती, हा तिसरा प्रश्न. काउंटर फक्त पहिल्याचं उत्तर देतो. रोज येणारे एखादे काका महिन्याभरात त्याच्या लेखी पन्नास-साठ नोंदी असतात.

पर्वतीवर हे सोपं जातं. १०३ पायऱ्या, आणि बहुतेक जण ज्या वाटेने चढतात त्याच वाटेने उतरतात. ये-जा निम्मी केली की भेटींचा बरा अंदाज निघतो. वेताळ टेकडीवर हा हिशेब कोलमडतो. कुणी एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने चढतो आणि लॉ कॉलेजच्या बाजूला उतरतो, कुणी पंचवटीकडून येऊन गोखलेनगरात बाहेर पडतो. एका वाटेवरचा काउंटर त्या वाटेपुरतं बोलतो, टेकडीबद्दल नाही. अहवालात ‘टेकडीवर रोज इतके लोक’ असं लिहायचं असेल तर सगळ्या मुख्य वाटांवर मोजायला हवं, नाहीतर वाटेचं नाव घालून तेवढंच लिहायचं. याच टेकडीतून काढायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्यासारख्या वादात कुणी आकडा पुढे केला की समोरून पहिला प्रश्न येणार, ‘मोजला कसा?’ त्याचं उत्तर पहिल्या दिवसापासून वहीत असलं पाहिजे.

काही ठिकाणी यंत्राच्या नादी लागूच नये. भिगवणला पक्षी बघायला आलेले बहुतेक जण कुंभारगाव किंवा डिकसळहून होडीने जातात. तिथे होडीवाल्यांच्या वहीतली नोंद कुठल्याही सेन्सरपेक्षा भरवशाची. सिंहगडावर गाडीने जाणारे उपद्रव शुल्काच्या नाक्यावरून जातात. तिथली पावती गाड्यांचा हिशेब देते. तिथे प्रश्न उरतो तो आतकरवाडीच्या पायवाटेने चढणाऱ्यांचा, आणि काउंटरचं खरं काम त्या वाटेवर आहे.

यंत्र कुठलं?

पायवाटेवर बहुधा तुमच्या हातात ‘पॅसिव्ह इन्फ्रारेड’ प्रकारचं यंत्र येईल. ते स्वतः काही सोडत नाही, समोरून येणारी उष्णता तेवढी टिपतं. माणसाचं अंग आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक असला, आणि तो फरक सेन्सरच्या नजरेतून सरकत गेला, की एक नोंद होते. फरक नसेल तर माणूस त्याच्या दृष्टीने अदृश्य.

दुसरा प्रकार किरण तोडण्याचा. वाटेच्या एका बाजूला किरण सोडणारा डबा, समोर तो पकडणारा किंवा परतवणारा, आणि मधून कुणी गेलं की नोंद. याला तापमानाशी देणं-घेणं नाही, पण दोन्ही डबे अगदी समोरासमोर राहावे लागतात, आणि पहाटेचं दव व कोळ्याची जाळी यांनी तो हैराण होतो. जमिनीत पुरायच्या दाबपट्ट्या टेकडीच्या मुरमात आणि कातळात बसवणंच अवघड, आणि सपाटीवरच्या काळ्या मातीला पावसानंतर भेगा पडायला लागल्या की पट्टीवर येणारा दाब बदलत जातो. कॅमेऱ्यावरून माणसं ओळखणारी यंत्रं दिवसा चांगली चालतात. पण जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सूर्य उगवतो सातनंतर, आणि टेकडीवरची मंडळी साडेपाचपासून हजर असतात. अंधारात बघण्याची सोय नसेल तर सर्वात गर्दीची वेळच हातची जाते. शिवाय चेहरे टिपले जाणार म्हणजे लोकांची संमती, साठवण, कायदा हे सगळं मागे लागतं. सुरुवात पॅसिव्ह इन्फ्रारेडनेच करा. पुढचा मजकूर त्याच प्रकाराबद्दल आहे.

थंडीने काय होतं आणि काय होत नाही

थंडीत लोक स्वेटर, जर्किन, कानटोपी घालतात, मग उष्णता बाहेर कशी येणार, ही शंका नवख्यांच्या मनात हमखास येते. उणे पंधरा अंशांत जाडजूड कोट घातलेल्या माणसाबाबत ती रास्त आहे; कोटाचा बाहेरचा पृष्ठभाग जवळजवळ हवेइतकाच गार झालेला असतो. आपल्याकडे बारा अंशांत चढ चढून घामेजलेला माणूस एका स्वेटरने लपत नाही. चेहरा आणि हात उघडे असतात, मागचं झुडूप गार असतं. उष्णतेच्या फरकापुरतं बोलायचं तर हिवाळ्यातली पहाट म्हणजे या यंत्राची वर्षातली सर्वात चांगली वेळ.

अडचण दुपारची आहे. इथे हवेचं तापमान बघून भागत नाही, माणसाच्या *मागे* काय आहे ते बघावं लागतं. सेन्सरसमोर बसाल्टचा काळा कातळ असेल तर जानेवारीतसुद्धा ऊन खाऊन तो दुपारी दोन वाजता माणसाच्या कातडीइतका किंवा त्याहून गरम झालेला असतो. मग माणूस आणि कातळ यात फरकच उरत नाही आणि नोंदी गळतात. त्याच वेळी वाळलेलं गवत ऊन आणि सावलीत डोलतं, आणि यंत्र नसलेली माणसं मोजतं. गळणारी माणसं आणि उगवणारी भुतं एकाच तासात असू शकतात. बेरीज योगायोगाने बरोबर आली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

जागा निवडणं

अर्धी अचूकता इथेच ठरते, म्हणून घाई करू नका. पुढचं सगळं जागेवर उभं राहून तपासा.

वाट अरुंद हवी. माणसं एकामागून एक जातील अशी, दीड मीटरच्या आतली. रुंद वाटेवर लोक जोडीने, तिघं-तिघं गप्पा मारत चालतात आणि सेन्सरला ती एकच उष्ण आकृती दिसते. पर्वतीच्या पायऱ्या या बाबतीत वाईट जागा: ऐसपैस, लांब-रुंद, हत्ती चढेल अशा. तिथे मधल्या पायऱ्यांवर काउंटर लावण्यापेक्षा वरच्या आवाराच्या तोंडाशी, जिथे माणसं आपसूक आवळून येतात, तिथे जागा शोधा.

लोक जिथे थांबतात तिथे लावू नका. चढ संपतो ती जागा, देखावा दिसतो तो दगड, बाकडं, पाण्याची टाकी, सिंहगडाच्या वाटेवर ताक-सरबत विकणाऱ्या मावशींची पाटी, ही सगळी ठिकाणं वर्ज्य. थांबलेला माणूस हातपाय हलवतो, पाठ ताणतो, सूर्यनमस्कार घालतो, आणि प्रत्येक हालचालीला नवी नोंद पडते. चढाच्या मध्यावर, जिथे थांबायला काही निमित्तच नाही, ती जागा उत्तम. कवडीला नदीकाठी पक्षी टिपायला कॅमेरे मांडून बसणाऱ्यांच्या गर्दीत यंत्र ठेवण्यापेक्षा तिकडे येणाऱ्या वाटेवर मागे ठेवा.

सेन्सरचं तोंड उत्तरेकडे करा. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुण्यात सूर्य उगवण्यापासून मावळेपर्यंत आकाशाच्या दक्षिण अर्ध्यातच असतो. डिसेंबरात तो पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो आणि माध्यान्हीलाही क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर चढतो. उत्तरेकडे बघणाऱ्या भिंगावर त्या काळात ऊन थेट पडूच शकत नाही. पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड केलंत तर सकाळी सात ते आठ, म्हणजे ऐन गर्दीत, सूर्य सेन्सरच्या डोळ्यात डोळा घालून बसतो.

पार्श्वभूमीला सावलीतलं घट्ट झुडूप किंवा मातीचा उभा कडा असावा. मागे रस्ता नको, गाडीचं तापलेलं बॉनेट लांबूनही नोंद पाडतं. आणि आता एक अशी गोष्ट, जी नोव्हेंबरात लक्षात येत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया उदंड लावलेला आहे. पावसाळ्यानंतर त्याची सावली दाट वाटते, पण जानेवारी-फेब्रुवारीत तो पानं गाळतो आणि उघड्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं येतात. दिसायला छान, पण तुमची सावलीतली पार्श्वभूमी तोवर भर उन्हात आलेली असते. बसवताना वर बघा: झाड कुठलं आहे आणि ते पान कधी गाळतं?

गवताचंही तेच. ऑक्टोबरात हिरवं, ओलं, जड असलेलं कुसळी गवत डिसेंबरात वाळून काटकुळं होतं आणि वाऱ्याच्या झुळकीवर नाचतं. सेन्सरच्या नजरेच्या पट्ट्यात येणारं गवत विळ्याने कापून टाका, आणि फक्त यंत्राच्या पुढचं नाही तर वाटेपलीकडचंही. मोज्यात घुसलेली कुसळं घरी येऊन काढावी लागतील, त्याला इलाज नाही.

परवानगी

यंत्र बसवण्याआधी जमीन कुणाची ते विचारा. टेकड्यांवर वन विभाग, महापालिका आणि संस्थांच्या जमिनी एकमेकींना लागून आहेत. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पण त्याआधी त्या भागातल्या वनरक्षकाला भेटा. यंत्र चोरीला जाणार की टिकणार हे बहुतेक वेळा त्याच्यावर अवलंबून असतं. गडाच्या दरवाज्याची अरुंद कमान मोजणीला आदर्श वाटते, पण जुन्या वास्तूच्या दगडात भोक पाडायचा विचारही करू नका.

बसवताना

उंची जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर. त्याखाली गेलात की कुत्री मोजली जातात, आणि टेकडीवर कुत्री माणसांच्या बरोबरीने येतात. शहराबाहेरच्या वाटांवर दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाच्या दिशेने निघतात. सेन्सर खाली असेल तर पाच मिनिटांत शेकड्यांनी ‘पर्यटक’ जमा होतात. फार वर नेलात तर लहान मुलं निसटतात. गायी-म्हशी मात्र कुठल्याही उंचीवर मोजल्या जाणार, त्यांची वेळ वहीत टिपून ठेवावी लागते.

खांब रोवताना नजर सरळ आडवी ठेवा, चढाच्या दिशेने तिरकी नको. उतारावर लावाल तर जमिनीची पातळी बरोबर पाऊल पडतं त्या जागेवरून मोजा, खांबाच्या बुडापासून नाही.

यंत्राला कुणी दगड मारू नये म्हणून काचेची किंवा अॅक्रिलिकची पेटी करून आत ठेवायची कल्पना बहुतेकांना सुचते. तिथेच मोजणी संपते. अंगातून निघणारी लांब लहरींची उष्णता काचेतून आणि अॅक्रिलिकमधून पार होत नाही. सेन्सरवरचं दुधी, पातळ भिंग पॉलिथिनचं असतं ते याचसाठी. पेटी करायची तर लाकडाची करा आणि भिंगापुढे मोकळं भोक ठेवा. भिंगावर तीन-चार बोटं पुढे आलेली पन्हळ लावली की दव कमी जमतं. दव महत्त्वाचं आहे: पाण्याचा पातळ थरसुद्धा ही उष्णता अडवतो. पाषाण तलावाच्या किंवा नदीच्या काठी धुक्याच्या सकाळी नोंदी अचानक घसरल्या तर ‘थंडीमुळे लोक आले नाहीत’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी भिंगावरून बोट फिरवून बघा.

नंतर घड्याळ. हे काम दोन मिनिटांचं, आणि नेमकं हेच राहून जातं. यंत्र परदेशी वेळेवर आलेलं असतं. जागतिक प्रमाणवेळ आणि आपली वेळ यात साडेपाच तासांचा फरक. तो तसाच राहिला तर सकाळी सहाची गर्दी रात्री साडेबाराला दिसते. ते निदान डोळ्यांत भरतं. त्यातला अर्धा तास मात्र फसवा आहे. तासातासाच्या नोंदी असतील आणि कुणी नंतर पाच किंवा सहा तास सरकवून ‘दुरुस्ती’ केली असेल, तर सगळे तास अर्ध्याने चुकलेले राहतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आणखी एक: युरोप-अमेरिकेत हिवाळा लागताना घड्याळं एक तास मागे घेतात. यंत्रात तो बदल आपोआप करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर ऐन दिवाळीच्या आगेमागे तुमची टेकडी एक तास लवकर उठायला लागेल.

नोंदी १५ मिनिटांच्या टप्प्यांत ठेवा. तासाचे टप्पे नंतर जोडता येतात, पण तासाचे तुकडे नंतर पाडता येत नाहीत.

बसवून झाल्यावर लगेच चालून बघा. एकट्याने सावकाश, मग भरभर, मग पळत. वाटेच्या अलीकडच्या कडेने आणि पलीकडच्या कडेने. मग दोघांनी जोडीने, आणि एकामागे एक, हातभर अंतर ठेवून. जोडीने गेल्यावर एकच नोंद झाली तर दचकू नका, ते होणारच. एकामागे एक जाताना दोन पडायला हव्यात. पडत नसतील तर दोन नोंदींमधला यंत्राचा विसावा कमी करा. एकट्याने जाताना दोन पडत असतील तर तोच थोडा वाढवा. हीच चाचणी त्याच दिवशी दुपारी दोनला पुन्हा करा. सकाळी पास झालेली जागा दुपारी नापास होते ती अशी.

हातमोजणी

आता खरं काम. यंत्राच्या आकड्याला हातमोजणीचा आधार नसेल तर तो आकडा कुठेही छापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच टाळलं जातं.

दोघांनी बसा. एकाने डोळे वाटेवर ठेवायचे, दुसऱ्याने लिहायचं, अर्ध्या तासाने अदलाबदल. वाटेपासून जरा बाजूला बसा, सेन्सरच्या नजरेत तर मुळीच नको. पानावर रकाने आखा: वेळ, वर जाणारे, खाली येणारे, जोडीने किंवा घोळक्याने गेलेले, कुत्री-गुरं, आणि शेवटी शेरा. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, ही जुनी रीत इथे मोबाइलवर टिचक्या मारण्यापेक्षा बरी, कारण रेघ ओढताना नजर फार वेळ वाटेवरून हटत नाही. १५-१५ मिनिटांचे टप्पे यंत्राच्या घड्याळाने पाडा, तुमच्या मोबाइलच्या नाही. दोन्हींत दीड मिनिटाचा जरी फरक असला तरी गर्दीच्या वेळी टप्पे जुळत नाहीत.

जोडी-घोळक्याचा रकाना सोडू नका. यंत्र कमी मोजतंय हे कुणीही सांगेल, ते *कशामुळे* कमी मोजतंय हे त्या रकान्यातून कळतं. लोक जोडीने चालतात म्हणून असेल तर जागा अरुंद करण्याचा विचार करा. एकेकटी माणसंसुद्धा गळत असतील तर दोष पार्श्वभूमीचा, भिंगाचा किंवा बॅटरीचा.

वेळा कुठल्या? हिवाळ्यात निदान चार प्रकार: कामाच्या दिवशी पहाट ते सकाळ, कामाच्या दिवशी दुपार, संध्याकाळ, आणि रविवारची सकाळ. प्रत्येक प्रकारात दोन-दोन तास, आणि एकदाच करून थांबू नका. दुपारी माणसं थोडी असतात, त्यामुळे तिथे जास्त वेळ बसावं लागतं. दहा माणसांवरून काढलेलं प्रमाण काही सांगत नाही. पहाटे बसणार असाल तर तुम्हीही कानटोपी घाला. काकडलेला मोजणारा सातनंतर चहाच्या ओढीने गळती करतो, आणि ती गळती यंत्राच्या माथी मारली जाते.

गुणक काढणं

यंत्राच्या आकड्याला ज्याने गुणलं की खऱ्याच्या जवळचा आकडा मिळतो, तो गुणक. हिशेब सोपा आहे: हाताने मोजलेले भागिले यंत्राने मोजलेले. समजा, सकाळी सहा ते आठ तुम्ही ३१२ माणसं मोजली आणि यंत्राने २४०. गुणक १.३०. दुपारी दोन ते चार तुम्ही ४५ मोजली आणि यंत्राने ५०, कारण गवत हललं. गुणक ०.९०. आता दोन्ही मिसळून ३५७ भागिले २९० केलंत तर १.२३ येतो. हा एकच गुणक सगळीकडे लावला की सकाळचे ३१२ होतात २९५ आणि दुपारचे ४५ होतात ६२ च्या आसपास. बेरीज अगदी जुळते, कारण ती जुळवूनच काढलेली आहे. पण दुपारी चौकीवर माणूस ठेवायचा का, पाण्याची सोय किती करायची, हे ठरवायला बसलात तर दुपारचा आकडा सव्वापटीच्याही वर फुगलेला असतो. म्हणून सकाळ आणि दुपार वेगळी ठेवा.

रविवारचा गुणक कामाच्या दिवसापेक्षा मोठा निघेल. गर्दी वाढली की माणसं एकमेकांआड जास्त जातात, त्यामुळे यंत्र गर्दीच्या प्रमाणात नाही, त्याहून जास्त प्रमाणात चुकतं. एका मर्यादेपलीकडे माणसांची सलग रांगच लागते आणि सेन्सरला मधली फट दिसत नाही. तिथे कुठलाही गुणक उपयोगाचा नाही. असे तास वेगळे काढा आणि ‘किमान इतके’ असं लिहा.

एकूण बेरजेवर समाधान मानू नका. यंत्राने ३०० आणि तुम्ही ३०० मोजली म्हणजे यंत्र निर्दोष असं नाही. त्यात ४० गळालेली आणि ४० भुतं असू शकतात. १५ मिनिटांचे टप्पे शेजारी-शेजारी मांडून बघा. एका टप्प्यात खूप जास्त आणि पुढच्यात खूप कमी असं दिसलं तर शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

आणि पावसाळ्यातला गुणक हिवाळ्यात वापरू नका. पावसाळ्यात छत्र्या आणि रेनकोट आडवे येतात, पार्श्वभूमी ओली-गार असते, गवत जड असतं. जागा तीच असली तरी परिस्थिती दुसरी. ग्लिरिसिडियाची पानं गळाली की डिसेंबरचा गुणकही फेब्रुवारीत तपासून घ्यावा लागतो.

हिवाळ्यातले पाहुणे

काही गोष्टी फक्त याच ऋतूत घडतात. पहिली म्हणजे शेकोटी. पहाटेचा वॉचमन किंवा चहावाला काटक्या गोळा करून जाळ करतो, आणि त्याला वाऱ्याचा आडोसा म्हणून तुमच्या खांबामागचं झुडूप आवडतं. हलती ज्वाळा सेन्सरला माणसांच्या रांगेसारखी दिसते. रात्री किंवा पहाटे चार वाजता सलग, न थांबणाऱ्या नोंदी दिसल्या तर जाऊन राख शोधा. वाद घालू नका. शेकोटी दहा-पंधरा पावलं पलीकडे करायची विनंती करा आणि एक चहा प्या.

दुसऱ्या म्हणजे शाळांच्या सहली. डिसेंबर-जानेवारीत सिंहगडावर आणि पर्वतीवर मुलांच्या रांगा दिसतात, दोन-दोन हात धरून, एकमेकांना चिकटून. तुमच्या गुणकाला ही रांग अजिबात दाद देत नाही. सहलीचे दिवस नाक्यावर किंवा गाडीतळावर विचारून कळतात. शाळेच्या बसगाड्या मोजून, शिक्षकांना पटसंख्या विचारून तो आकडा वेगळा लिहा. शिक्षक आनंदाने सांगतात, त्यांनी त्या दिवसात ती दहा वेळा मोजलेली असते.

मॅरेथॉनच्या तयारीसाठी टेकडीवर चढ-उतार करणारे गटही याच दिवसांत वाढतात. एकच माणूस एका सकाळी सेन्सरसमोरून आठ वेळा जातो. ये-जा म्हणून हे बरोबर, भेटी म्हणून साफ चूक. हातमोजणीत अशांना वेगळी खूण करा. टीशर्टच्या रंगावरून ओळखू येतात. त्रिपुरी पौर्णिमेला पर्वतीवर, ३१ डिसेंबरच्या आगेमागे सिंहगडावर आणि पुढे महाशिवरात्रीला होणारी गर्दी सरासरीत मिसळू नका. त्या दिवसांची स्वतंत्र ओळ करा.

देखभाल

आठवड्यातून एकदा जा. मऊ सुती फडक्याने भिंग पुसा, स्पिरिट किंवा काच पुसायचा फवारा वापरू नका. कोळ्याचं जाळं, मुंग्या आणि कुंभारमाश्यांचं मातीचं घर बघा. खांब हलला आहे का, कुणी तोंड वळवलं आहे का तेही बघा; पोरं यंत्रासमोर हात हलवून मजा करतात, आणि मोठेही करतात. बॅटरीला इथली थंडी फारशी जाचत नाही, पण दवाने टोकं गंजतात. जाताना एकदा समोरून चालून नोंद पडते का ते पाहा आणि वेळ वहीत लिहा.

शून्य आणि रिकामी जागा यात फरक करा. यंत्र बंद होतं म्हणून आलेलं शून्य आणि खरोखर कुणी आलं नाही म्हणून आलेलं शून्य फाइलमध्ये सारखंच दिसतं. सकाळी सहा ते आठ सलग शून्य असेल तर ते शून्य नाही, बिघाड आहे. ती जागा त्याच वाराच्या, त्याच वेळेच्या आधीच्या-नंतरच्या सरासरीने भरा आणि भरली आहे अशी खूण ठेवा.

जानेवारी सरत आला की वन विभाग वणव्यापासून बचावासाठी जाळपट्टे काढायला घेतो. तुमच्या खांबाची जागा वनरक्षकाला दाखवून ठेवा, गरज पडली तर त्या आठवड्यापुरतं यंत्र काढून आणा. जाळपट्ट्याच्या कामात आजूबाजूचं गवत गेलं की सेन्सरसमोरचं दृश्य बदलतं; यंत्र परत लावल्यावर सकाळची आणि दुपारची हातमोजणी नव्याने करा, आणि नवा गुणक त्या तारखेपासूनच पुढे लावा.